बातमीतला हरवलेला कर्ता : वृत्तपत्रविद्येच्या अध्यापनाची चिकित्सा

१

पत्रकारिता वर्गात शिकता येत नाही, ती वृत्तपत्राच्या कचेरीत बसूनच अंगवळणी पडते, हे मत मराठी वृत्तपत्रसृष्टीत इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते आता मत राहिलेले नाही. त्याचे सुभाषित झाले आहे. आश्चर्य असे की ज्यांच्याविरुद्ध हे सुभाषित वापरले जाते त्या विद्यापीठीय विभागांनीही ते मनोमन स्वीकारलेले दिसते. बातमीचा इंट्रो कसा लिहावा, मथळा किती शब्दांत बसवावा, मुद्रितशोधनाच्या खुणा कोणत्या, पत्रकार परिषदेची टिपणे कशी घ्यावीत, अशा घटकांची जंत्री म्हणजे वृत्तलेखनाचा अभ्यासक्रम, अशी समजूत रूढ आहे. कचेरीची नक्कल वर्गात करावयाची आणि तिला 'कौशल्य' म्हणावयाचे. नक्कल मुळाहून फिकी असणारच. त्यामुळे कचेरीतील ज्येष्ठांचे सुभाषित दरवर्षी नव्याने खरे ठरते.

या वादात तिसरा पक्ष आहे आणि तो मौन पाळून आहे. तो म्हणजे महाविद्यालयांतील मराठी साहित्याचे विभाग. गेल्या चार-पाच दशकांत या विभागांनी शैलीविज्ञान, कथनमीमांसा, चिन्हमीमांसा या ज्ञानशाखांशी परिचय करून घेतला. निवेदक आणि लेखक यांतील भेद पदव्युत्तर विद्यार्थी बिनचूक सांगू शकतो. परंतु मराठी समाज दररोज सकाळी जे कथन वाचतो, ज्याच्या आधारे तो भीती बाळगतो, मत देतो, शेजाऱ्याविषयी ग्रह करून घेतो, त्या बातमी नावाच्या कथनाला 'संहिता' ही पदवी देण्यास हे विभाग अद्याप तयार नाहीत. त्यांच्या लेखी बातमी म्हणजे वाङ्मयाच्या दाराबाहेरची वस्तू. 'मुद्रितमाध्यमांसाठी लेखन' असा एखादा घटक उपयोजित मराठीच्या नावाखाली शिकविला जातो, तोही अर्जलेखन आणि जाहिरातलेखन यांच्या पंगतीत.

कचेरी, वृत्तपत्रविद्या विभाग आणि साहित्यविभाग या तिघांच्या भूमिका परस्परविरोधी भासल्या तरी त्यांच्या तळाशी गृहीत एकच आहे. ते असे की बातमीची भाषा पारदर्शक असते; घटना अगोदर घडते आणि बातमी ती नंतर केवळ वाहून आणते. हे गृहीत चुकीचे आहे आणि त्याची किंमत केवळ शैलीच्या पातळीवर मोजली जात नाही. बातमी लिहिण्याचे आणि संपादित करण्याचे शिक्षण हे प्रथमतः भाषेचे आणि पुराव्याचे शिक्षण आहे. ते तसे दिले जात नाही, म्हणून मराठी बातमीतून एक गोष्ट नेमाने हरवते : कृती करणारा कर्ता. आणि ज्या समाजात कृतीला कर्ता नसतो त्या समाजात कोणालाही जाब विचारता येत नाही.

२

मराठी वृत्तपत्रांचा प्रारंभ या समस्येच्या अज्ञानातून झालेला नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी निघालेल्या 'दर्पण'मध्ये इंग्रजी आणि मराठी मजकूर एकमेकांशेजारी छापला जात असे. भाषांतर ही गोष्ट तेथे लपविलेली नव्हती. दोन स्तंभांमधल्या रेषेवर ती उघड दिसत होती आणि दोन्ही भाषा जाणणाऱ्या वाचकाला एक स्तंभ दुसऱ्याशी ताडून पाहता येत होता. 'दर्पण'चे संपादक बाळशास्त्री जांभेकर यांनीच पुढे १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी शिळाछापावर प्रसिद्ध केली. 'संपादन' या एकाच शब्दाने मराठीत जुन्या पोथीची पाठनिश्चिती आणि वृत्तपत्राची सिद्धता ही दोन्ही कामे ओळखली जातात, आणि मराठीच्या आद्य संपादकाने ती दोन्ही केली, हा निव्वळ योगायोग मानण्याचे कारण नाही. हाती आलेला मजकूर कोणाकडून आला, वाटेत त्यात काय शिरले, काय गळले, हे तपासणे हा दोन्हींचा गाभा आहे.

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तत्कालीन वृत्तपत्रे विशिष्ट जातींच्या हितसंबंधांकडे कशी पाहतात याची चिकित्सा केली. ती केवळ सामाजिक तक्रार नव्हती. बातमीला निवेदक असतो, निवेदकाला समाजात स्थान असते, आणि त्या स्थानावरून काही गोष्टी दिसतात तर काही दिसत नाहीत, हा सिद्धान्त त्या चिकित्सेत अनुस्यूत होता. कथनमीमांसेने 'दृष्टिकोन' आणि 'केंद्रीकरण' या संज्ञा रूढ करण्याच्या कितीतरी आधी मराठी वृत्तपत्रव्यवहारात ही समज उपलब्ध होती.

वृत्तपत्रविद्येचे अध्यापन मात्र या परंपरेतून उगवले नाही. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाने १९०८ मध्ये पत्रकारितेची स्वतंत्र शाखा उघडली आणि तिच्या धर्तीवर एक अध्यापनपद्धती सिद्ध झाली. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ मध्ये पत्रकारितेचा विभाग सुरू झाला, तेव्हा त्याच्या उभारणीत सिरॅक्यूस विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वुल्सली यांचा वाटा होता. पुणे विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधील विभाग १९६४ चा. बाहेरून विद्या घेण्यात गैर काही नाही. मराठी गद्याची घडण अशाच देवघेवीतून झाली आहे. आक्षेप वेगळा आहे. रूपे घेतली गेली, त्या रूपांचा इतिहास मात्र मागे राहिला.

'उलटा मनोरा' या रचनेचेच पाहावे. महत्त्वाचे आधी, कमी महत्त्वाचे नंतर, ही मांडणी बातमीचा निसर्गनियम म्हणून शिकविली जाते. खुद्द अमेरिकी अभ्यासकांनी तिचा निसर्गनियम केव्हाच मोडीत काढला आहे. मायकेल शुडसन यांनी १९७८ मध्ये वस्तुनिष्ठतेचा आदर्श कोणत्या सामाजिक परिस्थितीत रुजला याचा शोध घेतला. डेव्हिड मिंडिच यांनी १९९८ मध्ये उलट्या मनोऱ्याचा संबंध लिंकन यांच्या हत्येच्या वेळी युद्धमंत्री स्टँटन यांनी धाडलेल्या तारांशी जोडून दाखविला. म्हणजे बातमीचे जे रूप तटस्थतेचे प्रतीक मानले जाते, त्याच्या जन्मकथेत एक सरकारी आवाज आहे असे म्हणण्यास जागा आहे. जेम्स केरी यांच्यासारख्या विचारवंताने तर पत्रकारितेच्या शिक्षणाचे खरे घर मानव्यविद्यांमध्ये आहे असा आग्रह धरला. ज्या भूमीवरून सूत्र आले तेथे त्याची अशी उलटतपासणी चालू असता मराठी वर्गात ते मनोरे बांधणे अखंड चालू आहे.

३

उसन्या सूत्रांचे मराठीत काय होते याचा सर्वांत बोलका नमुना व्याकरणात सापडतो. इंग्रजी वृत्तलेखनाच्या पुस्तकांत कर्मणी रचना टाळावी, असा उपदेश असतो. हा उपदेश मराठी वर्गात 'कर्तरी प्रयोग वापरावा' असा उतरला की त्याला काहीच अर्थ उरत नाही. बातमी भूतकाळात लिहिली जाते आणि मराठीत सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ स्वभावतःच कर्मणी असतो. 'पोलिसांनी गोळीबार केला' हे वाक्य शालेय व्याकरणाच्या कसोटीवर कर्मणी प्रयोगाचे आहे. परंतु त्यात कर्ता कोठेही लपलेला नाही. 'पोलिसांनी' या तृतीयान्त पदात तो ठसठशीत उभा आहे. मराठी वैयाकरणांनी या प्रयोगाला 'प्रधानकर्तृक कर्मणी' असे नाव दिले, ते उगीच नव्हे. कर्ता लपतो तो दुसऱ्याच रचनेत : 'गोळीबार करण्यात आला.' इंग्रजी नियम पाठ केलेल्या विद्यार्थ्याला या दोन वाक्यांतला भेद नियमाच्या आधारे सांगता येत नाही, कारण नियम ज्या भाषेसाठी घडला तीत हा भेद अशा स्वरूपात नाही. भालचंद्र नेमाडे यांनी इंग्रजीच्या मराठीवरील प्रभावाचा स्वतंत्र शैलीवैज्ञानिक अभ्यास केला आहे. देशीयतेवर मराठीत प्रदीर्घ वाद झाला. पण उपसंपादकाच्या हाताखालून रोज जाणाऱ्या 'करण्यात आले'कडे त्या वादाचे लक्ष फारसे वळले नाही.

'जमावाला पांगविण्यासाठी सौम्य लाठीमार करण्यात आला.' मराठी वाचकाने हे वाक्य असंख्य वेळा वाचले आहे. वर्गातील 'सहा ककारां'ची कसोटी त्याला लावली तर ते उत्तम गुणांनी उत्तीर्ण होईल. काय झाले? लाठीमार. कोणावर? जमावावर. का? पांगविण्यासाठी. कसा? सौम्य. कोठे आणि कधी हे मागच्या-पुढच्या वाक्यांत असतेच. तरीही या वाक्यात लाठी हवेत तरंगते आहे. तिला हात नाही. 'पांगविण्यासाठी' हे पद लाठी चालविणाऱ्याचा सांगितलेला हेतू सिद्ध वस्तुस्थिती म्हणून नोंदविते. 'जमाव' या शब्दाने माणसांची माणूस म्हणून असलेली ओळख पुसली जाते. आणि 'सौम्य' हे विशेषण कोणाचे? ज्याच्या पाठीवर वळ उठले त्याचे ते खचित नव्हे. पोलीस ठाण्याच्या टिपणातला शब्द निवेदकाच्या तोंडी आला आणि निवेदकाचा झाला. कथेत असे घडले असते तर विद्यार्थ्याने 'येथे निवेदकाच्या आवाजात पात्राचा आवाज मिसळला आहे' असे समासात लिहिले असते. बातमीत घडले तर त्याला ते दिसत नाही, कारण बातमीला आवाज असतो हेच त्याला कोणी सांगितलेले नाही.

ककारांची कसोटी येथे अपुरी पडते, याचे कारण तिच्या 'कोण' या प्रश्नात आहे. मराठीत 'कोण मेले' आणि 'कोणी मारले' हे दोन प्रश्न आहेत. 'कोण' विचारले की मृताचे नाव देऊन सुटका करून घेता येते. त्याहून सूक्ष्म साधन भारतीय व्याकरणविचारात पूर्वीपासून आहे. कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान, अधिकरण ही कारके म्हणजे क्रियेशी संबंध असणाऱ्या सर्व घटकांची झडतीच होय. 'प्रकल्पासाठी भूसंपादनाची प्रक्रिया पूर्ण' या मथळ्याला ककारांनी विचारण्याजोगे फार थोडे उरते. कारकांनी विचारले तर प्रश्नांची रांग लागते : जमीन घेतली कोणी, कोणासाठी, आणि मुख्य म्हणजे कोणापासून? अपादान रिकामे आहे हे ध्यानात येताच ज्या गावाची जमीन गेली ते गाव बातमीत नाही हेही ध्यानात येते. यात परंपरेच्या अभिमानाचा प्रश्न नाही. जे साधन अधिक प्रश्न विचारते ते अधिक चांगले, एवढाच मुद्दा आहे.

४

कर्त्याच्या पाठोपाठ हरवतो तो साक्षीदार. बातमीदाराने बहुतेक घटना पाहिलेल्या नसतात. त्या त्याला कोणीतरी सांगितलेल्या असतात. म्हणून बातमीतील प्रत्येक वाक्याखाली एक अदृश्य प्रश्न असतो : हे कोणी सांगितले आणि सांगणाऱ्याला हे कसे ठाऊक? मराठी भाषा या बाबतीत मुळीच दरिद्री नाही. बोलीत एका 'म्हणे'ने ऐकीव आणि पाहिलेले यांतील सीमा आखली जाते. लिखित मराठीत तर एक संपूर्ण उतरंड आहे : समजते, सांगितले, दावा केला, आरोप केला, आढळले, उघडकीस आले, निष्पन्न झाले, सिद्ध झाले. यांतील प्रत्येक क्रियापद पुराव्याची वेगळी पायरी दर्शविते.

वर्गात ही उतरंड शैलीच्या खात्यावर टाकली जाते. 'म्हणाले' या शब्दाची पुनरुक्ती टाळावी म्हणून 'स्पष्ट केले', 'नमूद केले', 'निदर्शनास आणून दिले' असे पर्याय सुचविले जातात. परंतु 'मंत्र्यांनी टंचाई नसल्याचे सांगितले' आणि 'मंत्र्यांनी टंचाई नसल्याचे स्पष्ट केले' ही समानार्थी वाक्ये नव्हेत. दुसऱ्यात टंचाई नाही हे बातमीदाराने मान्य करून टाकले आहे. 'निदर्शनास आणून दिले' म्हणताच वक्त्याचे म्हणणे दृश्य वस्तुस्थिती होते. पुनरुक्ती टाळण्याच्या नादात विद्यार्थी साक्ष देऊन बसतो, आणि आपण साक्ष दिली याची त्याला जाणीवही नसते.

'आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली' हे वाक्य तर मराठी गुन्हेवृत्ताचा कणाच आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून ग्राह्य धरू नये, असे १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे २५ वे कलम सांगत होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २३ व्या कलमात तीच तरतूद कायम आहे. दीडशे वर्षे न्यायालयाच्या दारात जे थांबविले जाते ते वृत्तपत्राच्या दारातून सुखेनैव आत येते. ८ सप्टेंबर २००६ रोजी मालेगाव येथे झालेल्या बॉम्बस्फोटांनंतर नऊ मुस्लिम पुरुषांना अटक झाली. पुढे राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या तपासाने वेगळी दिशा घेतली आणि २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तोवर त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला होता. अटकेच्या दिवशी लिहिलेले 'निष्पन्न झाले' आणि आरोपमुक्तीच्या दिवशी लिहावयाचे वाक्य यांच्यात दहा वर्षांचे अंतर पडते. 'निष्पन्न झाले' आणि 'पोलिसांचा दावा आहे' यांतील भेद विद्यार्थ्याला शिकविणे म्हणजे त्याला शब्दांचे पर्याय शिकविणे नव्हे, हे येथे कळते.

गे टुकमन यांनी १९७२ मध्येच दाखवून दिले की अवतरणचिन्हे, 'दोन्ही बाजू', अधिकृत सूत्रांचा हवाला या गोष्टी पत्रकाराला टीकेपासून वाचविणारा एक विधी म्हणून काम करतात. मराठीत हा विधी 'सूत्रांनी सांगितले' या मंत्राने उरकला जातो. विधी शिकविणे सोपे असते, कारण त्यात निर्णय घ्यावा लागत नाही. पुराव्याची पायरी ठरविण्यासाठी मात्र प्रत्येक वाक्यागणिक निर्णय घ्यावा लागतो.

५

बातमीतील कार्यकारणभाव हा तिसरा आणि अधिक खोल प्रश्न आहे. मराठी वृत्तभाषेत 'कंटाळून' या धातुसाधिताला चमत्कारिक प्रतिष्ठा लाभली आहे. नापिकीला कंटाळून शेतकऱ्याची आत्महत्या, आजाराला कंटाळून वृद्धाची आत्महत्या, सासरच्या छळाला कंटाळून विवाहितेची आत्महत्या. तीन मृत्यूंची तीन वेगळी कारणे एका शब्दाच्या साच्यात बसतात. कापसाचा भाव, बँकेचे दप्तर, सावकाराची चिठ्ठी, पाण्याची पातळी, सरकारी धोरण या सर्व गोष्टी बाजूला सारून मृताच्या मनोवस्थेला कारण ठरविण्याचे काम हा एक शब्द करतो. शिवाय ती मनोवस्था सांगणारा साक्षीदार उरलेलाच नसतो. छळाच्या बातमीत तर अधिक विपरीत घडते. छळ करणाऱ्या व्यक्ती 'सासर' या स्थळवाचक शब्दात विरघळतात आणि क्रिया करणारी एकटी राहते ती मेलेली स्त्री. तिची ओळखही 'विवाहिता' एवढीच.

'किरकोळ कारणावरून दोन गटांत हाणामारी' हा साचा याचा सख्खा भाऊ. 'दोन गट' म्हणताच दोन्ही बाजू समान वजनाच्या होतात. दंगलीच्या काळात समाजांची नावे टाळण्याचा संकेत आहे आणि त्यामागे सद्हेतू आहे. नाव छापल्याने आग पसरू शकते. परंतु हाच संकेत गावकुसाबाहेरच्या वस्तीवर हल्ला झाल्यावर वापरला तर तो हल्ला करणाऱ्याचे रक्षण करतो. एकच शब्द एके ठिकाणी विवेक असतो तर दुसऱ्या ठिकाणी पडदा. कोठे काय, हे कोणत्याही सूत्रातून मिळत नाही; ते समाजरचनेच्या ज्ञानातूनच ठरवावे लागते.

मालेगावनंतर तीन आठवड्यांनी, २९ सप्टेंबर २००६ रोजी, भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. हे कुटुंब दलित होते. जमिनीचा आणि पूर्ववैमनस्याचा संदर्भ होता. सुरुवातीच्या काळात मात्र 'अनैतिक संबंधां'चे कारण फिरत राहिले, आणि घटनेची व्याप्ती व्यापक वाचकवर्गापर्यंत पोहोचण्यास निदर्शनांचे पेटणे आवश्यक ठरले. आनंद तेलतुंबडे यांनी २००८ च्या आपल्या पुस्तकात या प्रकरणातील माध्यमांच्या वर्तनाची तपशीलवार चिकित्सा केली आहे. न्यायालयात हत्या सिद्ध झाल्या, परंतु अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील आरोप टिकले नाहीत. वृत्तपत्रांच्या शब्दांमुळे न्यायालयाचा निष्कर्ष ठरला असे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. परंतु 'का' या एका ककाराचे पहिले उत्तर कोण देतो, कोणत्या शब्दांत देतो आणि ते किती दिवस टिकते, या प्रश्नाचे गांभीर्य कळण्यासाठी याहून भीषण उदाहरणाची गरज नाही. ज्या विद्यार्थ्याला 'का' म्हणजे इंट्रोमधील एक रिकामी जागा असे शिकविले गेले आहे तो ती जागा भरणारच. हाताशी जो साचा असेल त्याने भरणार.

६

या प्रतिपादनावर तीन आक्षेप घेतले जातील आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत.

पहिला आक्षेप असा की मूळ रोग भाषेत नसून मालकीत आहे. जाहिरात आणि सत्ता यांच्या दाबापुढे व्याकरण काय करणार? दाब खराच आहे. पण तो उघडकीस कसा येतो, हेही पाहावे. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारा मजकूर परस्परस्पर्धी मराठी दैनिकांत शब्दशः सारखा प्रसिद्ध झाल्याचे पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. पैसे देऊन मजकूर छापल्याचा आरोप संबंधितांनी नाकारला. मजकूर सारखा होता ही गोष्ट मात्र कागदावर होती. तिचा शोध पाठतुलनेने लागला, पोथ्यांचे अभ्यासक ज्या रीतीने दोन हस्तलिखितांचे मूळ एक असल्याचे ओळखतात त्याच रीतीने. महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्या पुण्यात सिद्ध झाली त्याच पुण्यातील वृत्तपत्रविद्येच्या विद्यार्थ्याला ही पद्धती परकी वाटावी, यात मालकांचा दोष नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. रात्री पान सोडण्याची घाई असताना कारकविचार कोण करणार? उत्तर सोपे आहे : कोणीच नाही. म्हणूनच तो आधी झालेला असला पाहिजे. घाईत माणूस विचार करीत नाही; सवयीने लिहितो. सवय लावण्यासाठी विद्यापीठाच्या दोन-तीन वर्षांइतका निवांत अवधी त्याला पुन्हा कधी मिळत नाही. तो अवधी घाईची रंगीत तालीम करण्यात खर्चणे, हा शिक्षणाचा अपव्यय होय.

तिसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. निवेदकाचे स्थान बदलल्याखेरीज निवेदन बदलणार नाही. १९९६ मध्ये बी. एन. उनियाल यांनी दिल्लीतील वृत्तपत्रसृष्टीत एक दलित पत्रकार शोधण्याचा प्रयत्न केला आणि त्यांना तो सापडला नाही, याची आठवण येथे दिली जाईल. हा आक्षेप स्वीकारलाच पाहिजे. मात्र तो अभ्यासक्रमाच्या विरोधात जात नाही. ग्रामीण आणि दलित-आदिवासी घरांतून आलेले विद्यार्थी वृत्तपत्रविद्येच्या वर्गांत आज बसतात. त्यांच्या हाती वर्ग काय देतो? त्यांच्या स्वतःच्या गावाची बातमी 'दोन गटांत हाणामारी' अशी लिहावयास शिकवितो, आणि तशी लिहिता आली म्हणजे विद्यार्थी 'तयार' झाला असे प्रमाणपत्र देतो. निवेदकाचे स्थान बदलण्याची शक्यता वर्गात आली असता तिला जुन्याच आवाजात बोलावयास लावणे, हे या अध्यापनाचे सर्वांत मोठे अपयश आहे.

७

काय शिकवावे, हे यातूनच निघते. एकाच घटनेची प्राथमिक माहिती अहवालातील नोंद, पोलिसांचे प्रसिद्धिपत्रक, वृत्तसंस्थेची इंग्रजी प्रत, तीन दैनिकांतील मराठी बातम्या आणि अखेरीस न्यायालयाचा निकाल ही सर्व कागदपत्रे विद्यार्थ्यापुढे ठेवावीत. कर्ता कोणत्या टप्प्यावर गळला, विशेषण कोणत्या टप्प्यावर शिरले, 'दावा' केव्हा 'निष्पन्न' झाला, हे त्याने पाठभेदांसारखे नोंदवावे. असे दहा संच एका वर्षात अभ्यासलेल्या विद्यार्थ्याला संपादनाची वेगळी व्याख्या सांगावी लागणार नाही. भाषांतर हा मराठी उपसंपादकाच्या कामाचा मोठा भाग असल्याने ते स्वतंत्र विषय म्हणून शिकवावे, आणि 'दर्पण'प्रमाणे दोन स्तंभ शेजारी ठेवून शिकवावे. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा पाठ करवून घेण्याऐवजी एक अर्ज लिहून, उत्तराची वाट पाहून, आलेले उत्तर वाचावयास लावावे. सरकारी कागद काय सांगतो आणि काय सांगत नाही हे त्याशिवाय कळत नाही. तालुक्याच्या न्यायालयात एक खटला आरंभापासून बसून ऐकणे हे दहा पत्रकार परिषदांपेक्षा अधिक मोलाचे आहे, कारण तेथे प्रत्येक वाक्याला 'तुम्हाला हे कसे ठाऊक?' असा प्रतिप्रश्न विचारला जातो.

यासाठी साहित्यविभागांना आपला सोवळेपणा सोडावा लागेल. पाठचिकित्सा, शैलीविज्ञान, कथनमीमांसा ही साधने त्यांच्यापाशी आहेत. बातमीवर ती वापरल्याने त्यांची प्रतिष्ठा कमी होत नाही. उलट, सिद्धान्ताची उसनवारी केल्याचा जो आरोप मराठी समीक्षेवर वारंवार होतो त्याला यातून कृतीचे उत्तर मिळेल. वृत्तपत्रविद्या विभागांनाही कचेरीच्या सुभाषिताचे दडपण झुगारावे लागेल. ज्या सूत्रबद्ध लेखनाला ते कौशल्य म्हणत आले ते आता यंत्रे करू लागली आहेत. प्रसिद्धिपत्रकाचा इंट्रो काढणे, इंग्रजी मजकूर मराठीत उतरविणे, मथळे सुचविणे ही कामे संगणक क्षणार्धात करतो, आणि त्याला शिकविलेले साचेही हेच आहेत. सौम्य लाठीमार तोही करील. अशा वेळी साचा गिरविणारा पदवीधर घडविणाऱ्या विभागाला आपल्या अस्तित्वाचे समर्थन देता येणार नाही.

कचेरीत जे शिकता येते ते कचेरीतच शिकावे. त्याविषयी भांडण नाही. 'पोलिसांनी' हा शब्द कोठे गळाला हे विचारावयास मात्र कचेरी शिकवीत नाही, कारण गळणे ही तिचीच सवय आहे. ते विचारावयास शिकविण्याची जागा विद्यापीठ ही आहे, आणि ती जागा अद्याप रिकामी आहे.